भिंतीकडची खुर्ची

टॅमरॅक बे,
रविवार, १२ जानेवारी १९९७

प्रिय कायसाताईस,

इरोचा नमस्कार. माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण शनिवारच्या शर्यतीला हरणाच्या मांसाचं सूप तीच करणार, कुणाला पळीसुद्धा लावू न देता. तळं यंदा लवकर गोठलं. आर्विडकाकांनी टँकरने पाणी मारून मारून शर्यतीचा मार्ग असा गुळगुळीत केलाय, की पट्ट्याला खिळे नसतील तर गाडी जागेवरच गरगर फिरेल.

बाबांनी आपली पिवळी खोलली, पुसली, पुन्हा जोडली. आजोबांनी अडुसष्ट साली घेतलेली बर्फावरची गाडी, स्नोमोबाइल, पण अजून दोरीच्या पहिल्या ओढीला सुरू होते. जुन्या गाड्यांची शर्यत म्हणजे वय बघायचं नाही, बाई-पुरुष बघायचं नाही. बाबा आणि आर्विडकाकांची लेक ब्रिटा एकाच रांगेतून सुटणार.

मी कॉलेज सोडल्याचं आईने कळवलं असेलच. कारण विचारू नकोस. बरं, विचार. ब्रिटाने पत्रात लिहिलं, 'माझ्या इंजिनाचं काम यंदा डेल करतोय, फार हुशार आहे.' मी त्याच संध्याकाळी बॅग भरली. इथे येऊन बघतो तर डेल साठीचा, कवळी लावणारा. हसू नकोस. पण परत जायला तोंड कुठे उरलं होतं?

बाबा हल्ली जेवायला तुझ्या खुर्चीवर बसतात, भिंतीकडच्या. आई म्हणते, "बोलून दाखवत नाहीत, पण लेकीची आठवण येते त्यांना."

सोबत एक खोकं आहे. ते उघडू नकोस. पलंगाखाली ढकल आणि शर्यत उलटली की परत पाठव. फोन तर अजिबात करू नकोस. फोन स्वयंपाकघरात आहे आणि बाबाही दिवसभर तिथेच.

तुझा,
इरो


टॅमरॅक बे,
बुधवार, १५ जानेवारी

ताई,

खोकं तू उघडलंच असशील, मी काय तुला ओळखत नाही? हो, पिवळीचा कार्ब्युरेटर आहे. हो, मीच काढला.

सोमवारी सकाळी बाबांनी झाकण उचललं आणि ओरडले, "अगं ए, इकडे ये! चोर आला होता! अख्खी गाडी सोडून नुसता कार्ब्युरेटर नेला भडव्याने!" आई म्हणाली, "जीभ आवरा, मुलगा उभा आहे." मुलगा उभा होता खरा. मनात म्हणत होता, सुटलो. एवढा जुना सुटा भाग शनिवारपर्यंत मिळणार कुठून?

आपण कुठे राहतो तेच मी विसरलो. दुपारपर्यंत अख्ख्या तळ्याला बातमी लागली आणि संध्याकाळी ब्रिटा दारात हजर, हातात पिठाची पिशवी, आत कार्ब्युरेटर. "काका, आजीची गाडी नुसती कोपऱ्यात शोभेला उभी आहे. तिचा लावा." बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पाना माझ्या हातात दिला. "तोंड का पाडलंस रे? मला तुझ्या बाबांना हरवायचंय. पण तळ्यावर, घरी बसवून नाही." ती कंदील धरून उभी होती, वेणी कॉलरमध्ये कोंबलेली, आणि मी माझ्याच हातांनी तो बसवला. एक स्क्रू दोनदा खाली पडला. तिला वाटलं, थंडीने.

आता सांगतो. घोळवून काय उपयोग.

बाबांना उजवीकडचं दिसत नाही.

ख्रिसमसच्या आधी आम्ही लाकूड घेऊन येत होतो, बाबा ट्रक चालवत होते. उजवीकडून हरिणी रस्त्यावर आली. मी ओरडलो. बाबा म्हणाले, "कुठे?" ताई, ती तेव्हा दिव्यांच्या उजेडात उभी होती. कशीबशी निसटली. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर नजर ठेवून आहे. उजव्या हाताला ठेवलेला कप ते चाचपून घेतात. त्या बाजूने कुणी बोललं की अख्खी मान फिरवतात. आणि ती खुर्ची. आईचं चुकतंय गं. त्या खुर्चीच्या उजव्या हाताला भिंत आहे. तिथे बसलं की घरातली सगळी माणसं डावीकडे येतात.

मी शेडमध्ये सरळ विचारलं, "बाबा, उजव्या डोळ्याने किती दिसतं?"

"तुला हातातलं कॉलेज दिसलं नाही, आणि तू माझे डोळे तपासणार?"

मी पाना फेकला. तो खिडकीतून बाहेर गेला, काचेसकट. बोलणं तिथेच संपलं. दुसऱ्या दिवशी मी कार्ब्युरेटर काढला. डोकं शांत ठेवून काही करायचं मला जमत असतं तर मी आज कॉलेजात असतो.

तू म्हणशील, आर्विडकाकांना सांग, शर्यतीआधी गाड्या आणि माणसं तपासणारे तेच. एक शब्द बोललो की बाबा कायमचे बाद, आणि तेही मुलाने चुगली केली म्हणून. मग ब्रिटा विचारणार, "तुला कधीपासून माहीत होतं?" आणि त्यानंतर, "कार्ब्युरेटर कुणी नेला?" मी उत्तरं पाठ करून बघतो. एकही पुरं होत नाही. आणि शनिवारी तिसऱ्या वळणावर ती बाहेरून, उजवीकडूनच पुढे काढणार. नेहमी तिथूनच काढते. तू काढायचीस तशी.

हे लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

दोन वर्षांपूर्वी त्याच वळणावर बाबा तुझ्या अंगावर आले. तुझं गळ्याचं हाड मोडलं, आणि तुला स्ट्रेचरवर घेत असताना ते सगळ्यांसमोर ओरडले, "एवढी चिकटून आलीसच कशाला? अंदाज नसेल तर गाडीवर बसू नये!" हाड जुळलं तशी तू बॅग उचललीस. ताई, तू चिकटून आली नव्हतीस. तू त्यांना दिसलीच नव्हतीस. मला वाटतं, हे त्यांना कळून चुकलंय. म्हणून तर ते थांबत नाहीत. थांबले तर का थांबलो ते सांगावं लागेल, आणि ते आधी तुला सांगावं लागेल.

कार्ब्युरेटर राहू दे. तू ये. हे पत्र शुक्रवारी मिळेल, शनिवारची पहाटेची बस पकड. बाबा गाडीवर बसतील आणि घरच्या रिवाजाप्रमाणे सुरू करायची दोरी धाकट्याच्या, म्हणजे माझ्या हातात असेल. त्यांनी हेल्मेट घालायच्या आधी त्यांच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहा. हात लागेल इतकी जवळ. हाक मारू नकोस.

त्यांनी तुला पाहिलं, तर मी खोटा. दोरी ओढीन, आणि चोर कोण तेही सगळ्यांसमोर सांगेन. नाही पाहिलं, तर आर्विडकाका समोरच असतील, आई सूप घेऊन मागे. कुणाला काही सांगावं लागणार नाही. फक्त एक कर. त्यांच्या खांद्यावर पहिला हात तुझा पडू दे.

आणि तू आली नाहीस तर? आत्ताच बाबांनी स्वयंपाकघरातून विचारलं, "इरो, नवी दोरी घातलीस का?"

घातली, म्हणालो.

ती हातात धरून तुझी वाट बघणारा,
इरो