मॅग्नोलियाआधी काहीही बघायचं नाही

१ मार्च, सकाळी ८
शेजारच्या त्सोन्का आजींनी मनगटावर मार्तेनित्सा बांधली. लाल-पांढरा दोरा, त्यांच्याच हातचा. नियम बल्गेरियातलं शेंबडं पोरही सांगेल: फुललेलं पहिलं झाड दिसलं की दोरा सोडायचा, त्याच झाडाला बांधायचा, मनातलं मागायचं. माझं झाड ठरलं. बोटॅनिकल गार्डनमधला मॅग्नोलिया. तेव्हा शेजारी माझी बायको नेवेना उभी हवी. मागणं एकच, ती घरी येऊ दे.

तशी ती गेलेली नाहीच. जानेवारीपासून बहिणीकडे राहतेय, एवढंच. मी रेल्वेतून रिटायर झालो आणि आमच्या स्वयंपाकघराचं टाइमटेबल करून भिंतीला लावलं. भाजी चिरण्याला नऊ मिनिटं. यात बायकोने चिडण्यासारखं काय होतं?

३ मार्च
मोठी अडचण. सोफियात अचानक उकडतंय. आमच्या कोपऱ्यावरचा आलुबुखार केव्हाही फुलेल. तो आधी दिसला तर दोरा त्याच्यावर वाया. कचऱ्याच्या डब्याशेजारचं झाड बायको काय कपाळ आणून देणार! निश्चय: मॅग्नोलिया फुलेपर्यंत रस्त्यात नजर जमिनीवर. चष्मा खिशात.

८ मार्च
महिला दिन. नेवेनासाठी पाच ट्युलिप घेतले. अर्ध्या वाटेत आठवलं, मेव्हणीच्या दारात बदामाचं झाड आहे, फुललेलं असणार. परत फिरलो. फुलं त्सोन्का आजींना दिली. त्या म्हणाल्या, अरे मेल्या, मला म्हातारीला फुलं काय देतोस, जा, बायकोचे पाय धर! आजींना प्लॅनिंग कळत नाही.

१३ मार्च
प्रगती उत्तम. एकही झाड पाहिलेलं नाही. दोनदा चुकीच्या ट्रॅममध्ये बसलो, पण ते चालायचंच. मान दुखते.

१९ मार्च
फोन केला. मेव्हणी योर्दान्काने उचलला. म्हणाली, कुठल्या तोंडाने फोन करतोस रे? मी शांतपणे गार्डनचा बेत सांगितला. म्हणाली, जनाची नाही तर मनाची तरी ठेव, गाढवा! आणि आपटला. ‘नाही’ मात्र म्हणाली नाही.

२४ मार्च
विजय! नेवेनाचा स्वतःहून फोन. रविवारी अकराला मॅग्नोलियाखाली येते, बोलायचं आहे, म्हणाली. आवाज जड होता. पश्चात्ताप असणार. तिच्या कपाटात मी माझे पान्हे-हातोडे ठेवले होते, ते काढले.

२९ मार्च, संध्याकाळी
गार्डनच्या तिकीटखिडकीवरच्या बाईंना हात धरून न्यायची विनंती केली. म्हणाल्या, अहो, दिसत नाही की नाटक करताय? नेलं मात्र झाडापर्यंत. चष्मा लावून वर पाहिलं. पान एक नाही, सगळं झाड गुलाबी. खाली नेवेना. तिच्या मनगटावर दोरा नव्हता.

म्हणाली, मी नऊ तारखेलाच सोडला. बॅग घेऊन आले होते, कायमची. झाली ती भांडणं पुरे, म्हटलं. आपल्या घराच्या फाटकाशी उभी होते. तू हातभर अंतरावरून गेलास, मान खाली घालून. वाटलं, राग आहे, उतरेल. बारा तारखेला पुन्हा आले. मुद्दाम तुझ्या वाटेत आडवी उभी राहिले. तू ‘माफ करा, बाई’ म्हणालास आणि वळसा घालून गेलास. परक्या बाईला म्हणावं तसं.

मग तिने तिकडे दूर, समुद्राकाठच्या वार्नाला नोकरी घेतली. एका पाळणाघरात. खोलीही मिळाली. बुधवारी निघणार.

मी तिला नियम समजावला. आलुबुखार, बदाम, सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आधी खूप हसली, मग डोळे पुसले. म्हणाली, झाड बघायचं नव्हतं म्हणून बायको बघितली नाहीस, ल्युबेन?

म्हटलं, मग आता तर कळलं ना, चल घरी. म्हणाली, कळलं म्हणूनच नाही येत. रागावला असतास तर आले असते.

माझ्या कोटाची कॉलर सरळ केली आणि गेली. दोरा बांधायचा राहिला.

३१ मार्च
वार्नाच्या गाड्या मला तोंडपाठ. सकाळचीच बरी, बदलायला लागत नाही. हे नेवेनाला सांगायला फोन केला. योर्दान्काने उचलला. शिव्यांची वाट पाहिली.

ती हळूच म्हणाली, जेवलास का रे?

तेव्हा कळलं, संपलं. रिसीव्हर हातात धरून रडलो.