दार लागून इजा झाली

चि. धाकट्यास,

ताईचे तुला आणि भावजयीला मनापासून आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? भावजयीचा खोकला गेला, की अजून ती औषध खिडकीतून ओतून 'घेतलं' म्हणून सांगते? आम्ही दोघं इकडे ठणठणीत आहोत. तुझ्या भावोजींना ऐकू कमी येतं, पण त्यामुळे संसार सुरळीत चालला आहे, म्हणून यंत्र घेण्याची घाई करत नाही.

पत्रास कारण असं की, तुझी ताई हल्ली पोलीस ठाण्यावर देखरेख करते. हसू नकोस. वाचनालयाच्या फळ्यावर सूचना लागली होती, की ठाण्याच्या कामावर लक्ष ठेवायला आणि लोकांच्या तक्रारी तपासायला नागरिकांतून पाच माणसं हवीत. त्या अकरा ओळींत सात चुका होत्या. बत्तीस वर्षं व्याकरण शिकवलेल्या बाईला हे बघवत नाही. मी सातही चुका कागदावर उतरवल्या, खाली नाव-पत्ता घातला आणि सूचनेतल्याच पत्त्यावर पाठवून दिल्या. महिन्याभराने उत्तर आलं की आपला अर्ज स्वीकारला आहे. (या पत्रात एकच चूक होती. म्हटलं, सुधारणा आहे, जावं.) म्हणून गेले. तू त्या ठाण्यात अठ्ठावीस वर्षं लेखनिक होतास, पण मी कधी तिथली पायरी चढले नव्हते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ठाण्याबद्दल कुणी काही म्हटलेलं नाही.

पहिल्याच दिवशी दारावरच्या शिपायाने विचारलं, आजी, काय हरवलं? मी ओळखपत्र दाखवलं. त्यावरचा फोटो इतका भयंकर आला आहे की त्याने एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि मला थेट फरार आरोपींच्या यादीच्या टेबलाकडे नेलं. तिथून सुटका झाल्यावर मला वाचायला नोंदवही मिळाली. आता हातात वही आली की माझ्या दुसऱ्या हातात लाल पेन येतं, ही काही आजची सवय नाही. चार पानांतल्या वेलांट्या दुरुस्त करून मी खाली 'अक्षर बरे, शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे' असा शेराही मारला. सरकारी दस्तऐवजात खाडाखोड केली म्हणून माझ्यावरच चौकशी बसणार होती. शेवटी साहेबांनी (म्हणजे ठाण्याच्या प्रमुखांनी) माझं लाल पेन टेबलाच्या खणात ठेवून घेतलं आणि त्याची रीतसर पावती दिली. पावतीतही चूक होती, पण आता पेन कुठून आणू?

समितीत आम्ही पाच जण आहोत, पण बोलणारे तीन: अध्यक्ष घड्याळवाले, सुतारमामा आणि मी. तिसऱ्या बैठकीत एका हमालाचं प्रकरण आलं. बिचाऱ्याची हातगाडी रस्त्यात उभी म्हणून उचलून नेली होती. ती सोडवायला तो ठाण्यात गेला आणि मोडलेलं उजवं मनगट घेऊन बाहेर आला. आज आठ महिने झाले, त्या हाताने त्याला तांब्या उचलवत नाही. तो म्हणतो, मागच्या खोलीत दोन पोलिसांपैकी एकाने काठी मारली. छातीवर नावाच्या पट्ट्या नव्हत्या, आणि मान खाली होती म्हणून तोंड बघितलं नाही. टेबलाशी कुणीतरी लिहीत बसलं होतं, एवढंच त्याला आठवतं. दोनदा त्याची तक्रार बंद झाली होती. ही तिसरी आणि शेवटची खेप. दोन्ही वेळा बंद व्हायचं कारण, अहवालातली एकच ओळ: 'सदर इसमाचे हातास दार लागून इजा झाली.'

मी ती ओळ चार वेळा वाचली. धाकट्या, या वाक्यात माणूस एकच, तो हमाल. आणि करणारं कोण, तर दार! मी म्हटलं, ठीक आहे, कर्ता दार असेल तर दाराची चौकशी करू. सगळे हसले, पण सुतारमामा उठले. दार म्हटल्यावर त्यांना बसवत नाही. गेलो मागच्या खोलीत. दार भिंतीला टेकून उघडं होतं आणि फुगून फरशीत असं रुतलं होतं की हलायला तयार नाही. सुतारमामांनी खांदा लावला. दोन शिपाई लागले. एकाचा बूट निघाला, दार नाही. घड्याळवाल्यांनी डोळ्याला भिंग लावून बिजागरी तपासली आणि म्हणाले, हा गंज तीन-चार वर्षांचा आहे, तेवढ्यात हे दार हललेलंच नाही. मग साहेब पुढे आले, बाह्या सरसावून त्यांनी असा हिसका दिला की कडीची मूठ त्यांच्याच हातात आली.

मी लगेच वहीत लिहिलं, 'साहेबांनी मूठ उपटली.' (काळं पेन होतं.) साहेब वाकून बघायला लागले आणि हळूच म्हणाले, "बाई, 'मूठ निघाली' असं लिहा ना."

साहेबांना स्वतःचंच वाक्य ऐकू आलं असावं. हातातली मूठ टेबलावर ठेवून ते म्हणाले, "राहू द्या. मीच उपटली." तेव्हापासून त्या माणसाबद्दल माझं मत चांगलं आहे. त्याच संध्याकाळी त्यांनी चौकशी पुन्हा उघडली, आणि आता ठाण्यातल्या प्रत्येक अहवालात 'कोणी केले' हा वेगळा रकाना आहे. दोन शब्द, दोन्ही शुद्ध. मी उगाच विनय दाखवणार नाही. मला अभिमान वाटतो. बत्तीस वर्षं वर्गात 'कर्ता कोण?' विचारत आले आणि मुलं खिडकीबाहेर बघत राहिली. त्या प्रश्नाचा कुणाच्या मोडक्या हाताला उपयोग होईल असं मलाही वाटलं नव्हतं. हमालाची बायको बाहेर भेटली, तेव्हा माझा हात धरून उभी राहिली. घरीही याचा परिणाम आहे. परवा तुझे भावोजी म्हणाले, कप फुटला. मी विचारलं, कर्ता? तर म्हणाले, ऐकू येत नाही.

असो. कंबर शेकत जा, भावजयीला औषध तुझ्यासमोर घ्यायला लाव.

तुझी,
ताई

ता. क. एवढं पाल्हाळ लावलं आणि मुख्य गोष्ट राहिली. राहिली कसली, मी टाळली. त्या अहवालाखालची सही कुणाला लागत नव्हती, पण 'झाली'तला झ मला लागला. असा पोट फुगवलेला झ काढणारा माणूस मला एकच माहीत आहे. पाटीवर त्याचा हात धरून तो मीच गिरवून घेतला होता. टेबलाशी बसून लिहिणारा तू होतास.

पुन्हा ता. क. मी हे त्याच बैठकीत सगळ्यांना सांगितलं, आणि लेखनिक माझा सख्खा भाऊ आहे म्हणून या प्रकरणात माझं मत धरू नका, असंही सांगितलं. घरी येऊन रडले. तुझा राग आला, अजून आहे. वरून दबाव होता, निवृत्तीला चार महिने उरले होते, हे सगळं मला समजतं. तू भित्रा आहेस, वाईट नाहीस, हेही मलाच ठाऊक. पण काठी कुणी मारली ते आज फक्त तूच सांगू शकतोस. येत्या वीस तारखेला अकरा वाजता सुनावणी आहे. 'येण्याचे योजिले आहे' असलं काही लिहून पाठवू नकोस, ये. मला आत बसता येणार नाही, बाहेरच्या बाकावर असेन. आणि घरी जाताना भेटेल त्याला मला एकच वाक्य सांगायचं आहे: माझा भाऊ आला आणि खरं बोलला. तपासून बघ, दोन्ही क्रियापदांचा कर्ता तूच आहेस.