मुख्यालयी राहणे

१२ जानेवारी
...तर डबा भरून झाला की मी फडक्यानं स्कूटरची सीट पुसायची. तेव्हाचं धुळ्याचं घर, नळ नुकताच गेलेला, मोरीत भांडी. हे गाडी सुरू करून थोडा वेळ तशीच ठेवायचे, मग एसटी स्टँडवर. शाळा शिंदखेड्याला. ‘मुख्यालयी राहतो’, म्हणजे शाळेच्याच गावी, असं दरवर्षी लिहून द्यायचे, ग्रामपंचायत शिक्का मारायची, आणि संध्याकाळी माणूस धुळ्याला घरी.

आज हे आठवलं, कारण लेकाचा, जीवनचा फोन. कॅनडातला त्याचा प्रांत पीआरसाठी, म्हणजे तिथल्या कायम राहण्याच्या परवान्यासाठी, त्याचं नाव पुढे पाठवणार. त्याच प्रांतात राहीन, असं त्यानं लिहून दिलंय.

म्हणजे मुख्यालय. मला कोणी समजवायला नको.

१३ जानेवारी
मोबाइलवर नियम वाचले, डिक्शनरी शेजारी ठेवून. वयाला गुण, इंग्रजीला गुण. तिथं सख्खा भाऊ असला तरी गुण. आम्हाला एकच मुलगा, ती चूक आमची. आई इथं पिंप्राळ्यात एकटी असण्याचे गुण नाहीत. तक्रार नाही, फक्त नोंद.

ठरवलं : फोनची वाट बघायची नाही.

१४ जानेवारी
वाट बघितली नाही. फोन चार्जिंगला होता, शेजारी बसले होते इतकंच.

२ फेब्रुवारी
शेजारच्या केसरअक्कांना प्लॅन सांगितला. पीआर झाली की जीवन इथं राहील, वर्षातून एकदा तिकडे तोंड दाखवून येईल. अपडाऊन.

अक्का म्हणाल्या, “शिंदखेडाले यष्टी जास वं माय. कॅनडाले कोनती यष्टी जास?”

अक्का चौथी शिकलेल्या. त्यांना इमिग्रेशनमधलं काय कळणार.

१९ फेब्रुवारी
मेकॅनिक लोटन पुन्हा गाडी विकत मागायला आला. “मावशी, तुम्हाला चालवता येत नाही. रोज सुरू करून नुसता धूर कशाला करता?”

म्हटलं, बॅटरी बसते. ह्यांच्यानंतर गाडी जीवनची. तो आल्यावर ढकलत नेईल का?

८ मार्च
प्रांतानं जीवनचं नाव पाठवलं! पेढे आणले. दिवाळीला येतोय, असं गल्लीत सांगून टाकलं. तो तसं म्हणाला नाही. पण कामावर होता, घाईत होता.

२० एप्रिल
ऊन फार. तरी वरची खोली रंगवून घेतली. रंग जीवनला विचारला. म्हणाला, भाडेकरू ठेवतेस का? बरं झालं, सोबत होईल. सरप्राइज फुटू नये म्हणून हो म्हटलं.

२२ ऑक्टोबर
दिवाळी. आला नाही. पीआर झाल्याशिवाय कसा येईल? मीच घाई केली. त्याच्या वाटणीच्या करंज्या अक्कांकडे दिल्या.

३ नोव्हेंबर
पीआर झाली.

विचारलं, कोणत्या तारखेला निघतोस? मग अपडाऊनचा सगळा प्लॅन सांगितला. आधी हसला.

म्हणाला, “आई, पप्पांसारखं नाही गं हे. राहीन म्हणून लिहून दिलंय आणि खरंच राहतोय.” मग, “मला इथंच राहायचंय. सुट्टीत येत जाईन ना.”

मी म्हटलं, रेंज जातेय रे, ठेवते.

रेंज पूर्ण होती.

४ नोव्हेंबर
शांत डोक्यानं निर्णय. लोटनला फोन केला, उद्या येऊन गाडी घेऊन जा. नुसती जागा अडवते. खोलीला भाडेकरूही बघायचा. खरं तर मला आधीपासून अंदाज होता.

अक्का आल्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी झाकून ठेवून गेल्या.

५ नोव्हेंबर
लोटन आला. किल्ली सापडत नाही म्हटलं. तो गल्लीच्या टोकाला वळल्यावर सीट पुसली, गाडी सुरू केली, थोडा वेळ चालू ठेवली आणि बंद केली.