दर तीन मीटरला मॉलिब्डेनम

५ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या ड्रिलनं काढलेल्या दगडाच्या कांड्या गेले सहा महिने मी कुटते, आम्लात विरघळवते आणि मोजते. हातांची सालं निघाली. पण त्यांत मॉलिब्डेनम सापडलं, तेही भरपूर! हवेत प्राणवायू असला तरच हा धातू जमिनीवरच्या खडकांतून सुटून समुद्राच्या गाळात जातो. हा दगड म्हणजे अब्जावधी वर्षांपूर्वीचा असाच गाळ; त्यात तो निघाला, म्हणजे सगळे समजतात त्याच्या कितीतरी आधी हवेत प्राणवायू होता.

माझे मार्गदर्शक सर, त्यांचे तर पाय जमिनीवर नाहीत. माझ्यासमोर ‘आपला शोध’ म्हणतात, फोनवर ‘माझा’. लॅबमध्ये हातमोजे न काढता बिस्किटं खातात आणि त्याच हातानं माझी पाठ थोपटतात. शिसारी येते रे. असो, प्रबंध झाला की सुटले.

हा धातू काळ्या दगडात जास्त साठतो; खोदताना दगड कुठं काळा दिसला होता का, आठवून कळव. आईचा गुडघा बरा आहे. तुझ्या अंघोळीची चौकशी करत होती.

लोभ आहेच, तो वाढवावा.
तुझी ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून छाती फुगली. अंघोळ रोज करतो, आईला सांग. उपयोग होत नाही, ही गोष्ट वेगळी.

दगड काळा कुठंच नव्हता, सगळा राखाडी आणि कंटाळवाणा. काळे होते ते माझे हात. पाइपांचे आटे अडकायला लागले तेव्हा स्टोअरवाल्यानं काळ्या ग्रीसचा डबा दिला. दर तीन मीटरला जोड येतो, तिथं ते चोपडायचं. साबणानंही निघत नाही. आणि गंमत म्हणजे डब्यावर तुझ्या पत्रातलंच ते जीभ अडखळवणारं नाव आहे. काय योगायोग!

साधं तेलच वापरू असं कंपनीनं तुझ्या सरांना लिहून दिलं होतं. तेव्हा हे कुठं बोलू नकोस, माझी नोकरी जाईल.

असाच लोभ असू दे, आणि ओरडणं कमी.
तुझा ठोंब्या

२६ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद, वि. वि.

योगायोग म्हणतोस! मी लगेच आलेख काढला. मॉलिब्डेनम दर तीन मीटरला उंच चढतं आणि मध्ये सपाट. मग कांड्यांची बाहेरची साल करवतीनं काढून आतला गाभा मोजला. काही नाही. सहा महिने मी तुझं ग्रीस मोजत होते.

एकवीस तारखेला सरांना सांगितलं, तुझं नाव न घेता. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, लेख जर्नलनं स्वीकारलाय, आता माघार नाही. किती खोलीवर काय सापडलं ते गाळायचं आणि नुसती सरासरी छापायची. वर म्हणे, हे सगळं मी तुझ्यासाठीच करतोय.

ग्रीस वापरलं असं तू लिहून दिलंस तर लेख थांबेल. तुझ्या नोकरीवर बेतेल, हे मला कळतं. नाही म्हणालास तरी रागावणार नाही. विचार कर.

लोभ असावा.
ताई

५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कसं सांगू कळत नाही. तुझं पत्र काल मिळालं, पण तुझे सर चोवीस तारखेलाच ड्रिलवर येऊन गेले. तुझा भाऊ इथं असतो हे त्यांना ठाऊक होतंच. मला शेजारी बसवून तुझी तोंड भरून स्तुती केली आणि मग टाइप केलेला कागद पुढं केला. साध्या तेलाशिवाय काहीही वापरलेलं नाही, असा. म्हणाले, या सहीवाचून बहिणीची पदवी अडली आहे.

मी सही केली. तुझं भलं होतंय, माझी नोकरीही राहतेय, दगडाचं काय बिघडणार आहे, असं वाटलं. शपथेवर सांगतो, तुझ्यासाठीच केली. आता ती परत कशी मागू? तूही एवढं मनावर घेऊ नकोस. पदवी मिळाली की जेवण माझ्याकडून.

राग आवर आणि लोभ असू दे.
तुझा ठोंब्या

१२ मार्च

चि. ठोंब्यास,

तुझ्यासाठीच केली, असं तू लिहिलंस. सरांचेही हेच शब्द होते. त्या माणसाची किळस येते यात नवल नाही, पण तुझं पत्र वाचूनही तशीच आली आणि ती काही केल्या गिळता येईना. माझीही आली. त्याच आकड्यांवर मी सगळीकडे मिरवत होते.

लेखातून माझं नाव काढा, असं सांगायला गेले. सरांनी तुझी सही माझ्या नाकासमोर धरली. कागदावरचा मजकूर खोटा आहे म्हटल्यावर हसले. म्हणाले, मग ‘माझा सख्खा भाऊ खोटारडा आहे’ असं लेखी दे, बघू देतेस का. त्यांची खात्री होती की मी गप्प बसेन.

मी तिथंच त्यांच्या टेबलावर बसून लिहिलं. डबा, जोड, तीन मीटर, तुझी सही, सगळं, तुझ्या नावानिशी. एक प्रत त्यांच्या हातात दिली आणि दुसरी जर्नलच्या संपादकांना पाठवली. सरांनी लॅबची किल्ली काढून घेतली, म्हणजे प्रबंध संपला. तुझी कंपनी तुला या आठवड्यात बोलावेल. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही.

नाही म्हणालास तरी रागावणार नाही, असं मी लिहिलं होतं. ते मला जमलं नाही. तुला विचारलंही नाही.

लोभ उरला असेल, तर कळव.
ताई