झाकण उघडायचं नाही

मंगळवार, ६ जुलै २००४, नोव्हाय
लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. कोणाची मागतोय कोण जाणे, वही तर मीच वाचणार. मुलाकडे, विनयकडे, अमेरिकेत येऊन महिना झाला, पान कोरंच.
आज राहवलं नाही. सूनबाईने, मुग्धाने, ओवीसाठी काढलेलं स्वतःचं दूध सिंकमध्ये ओतलं. ऑफिसच्या पिकनिकला नेलेल्या कुलरमधला, म्हणजे झाकणाच्या बर्फपेटीतला, बर्फ वितळला, दूध नासलं. ओवी पाच महिन्यांची. डब्याचं दूध पाजलं की ओकते. मुग्धा नळ सोडून रडत होती. मी सासरा, काय बोलणार. दारातूनच परत फिरलो.

बुधवार
शनिवारी मुग्धाला परत बाहेर जायचंय, ऑफिसचं ट्रेनिंग. तळ्याकाठी, तंबूत, एक रात्र. फ्रिज नाही, जवळ दुकान नाही. विनयला म्हटलं, कुलरचं मी बघतो. "बघा," म्हणाला. हसला. हसू दे.

गुरुवार
गॅरेजमध्ये कुलर बर्फाच्या खड्यांनी भरून ठेवला. राहिलाय का, झाकण उघडून बघत होतो सारखा. दुपारी नुसतं पाणी.
विनय म्हणाला, "बाबा, बर्फाची तब्येत विचारायला जाता का? दर वेळी गारवा बाहेर पडतो."
सौ. पण भाताच्या झाकणावरून हेच ओरडते. ती असती तर मुग्धाशी बोलली असती. गुडघ्यामुळे यायची राहिली.
रात्री दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये पाणी भरून फ्रीझरमध्ये ठेवलं. मोठा बर्फ हळू वितळेल, असं वाटतं.

शुक्रवार
कुलर आधी गार करून घेतला. कॅन ठेवले, मोकळ्या जागेत टॉवेल कोंबले, वरून माझी सोलापुरी चादर. दिवसभर हात लावला नाही. अंगणात फेऱ्या मारल्या. संध्याकाळी बर्फ तसाच. कॅन परत फ्रीझरमध्ये.
मुग्धाला सांगताना शब्द सापडेना. "त्या... पिशव्या बर्फाला लागून ठेव. सारखं उघडू नकोस."
"बाबा, दूध म्हणा की. ओवीचंच आहे."
दोघंही हसलो. बरं वाटलं.

शनिवार
गेली. चादरीला तिथे हसतील म्हटलं, तर म्हणाली, "मला थंडी वाजली तर तीच घेईन." घेऊ नये. म्हणजे, वाजली तर घ्यावी.

रविवार
घरातली शेवटची पिशवी ओवीने दुपारी संपवली. आता कडेवर आहे, माझा शर्ट चोखतेय. उद्या मुग्धा ऑफिसला, ओवी माझ्याकडे. उद्याचं दूध त्या कुलरमध्येच.
तळ्यापाशी फोन लागत नाही. विनय म्हणतो, हायवेला लागली की करेल. मी रिसीव्हर उचलतो, कानाला लावतो, ठेवतो. विनय नुसता बघतो. कळतंय मला. झाकणाचं जमलं, फोनचं जमत नाही.
ओवीला झोप येतेय, पण झोपत नाही.
मुग्धा, बर्फ राहिला नसला तरी बिघडत नाही, काहीतरी करू. तू कुठवर आलीस, तेवढं लवकर कळव गं.