दोन्ही बाह्या डाव्या

प्रिय अण्णा,

'प्रिय' लिहिलं ते सवयीनं. फार मनावर घेऊ नका.

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. वडे तुमच्या आवडीचे होते, खीरही जमली होती. आणि मी वाढत असताना पानावर बसलेल्या सबनीसकाकू म्हणाल्या, "शैला, काय गं ब्लाउज शिवतेस! शेवटी अण्णांचाच हात!"

अण्णांचाच हात? माझ्या हातातली पळी तशीच राहिली. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून आज तुम्हाला लिहायला बसले.

तुमचा हात मला कधी मिळाला हो? आपल्या गिरगावातल्या दुकानात मी शाळेपासून होते ती काज-बटण करायला आणि हुक लावायला. कात्रीकडे नुसतं पाहिलं तरी ओरडायचात, "ठेव ती! बाईनं कटिंग केलं की गिऱ्हाईक तुटतं." गिऱ्हाईक सगळ्या बायका, ब्लाउज बायकांचे, आणि कात्री तेवढी पुरुषाची!

मी शिकले ती तुमच्या चिंध्यांवरून. दुकान झाडताना टेबलाखालचे तुकडे गोळा करायचे, घरी जमिनीवर मांडायचे, आणि मधे जी जागा मोकळी राही तिच्यावरून तुम्ही बाही कशी आखली असेल ते ओळखायचे. तुम्हाला वाटायचं, पोरगी बाहुलीचे कपडे शिवतेय.

मग सबनीसकाकूंच्या मुलीचं लग्न निघालं. शालूतलाच ब्लाउजपीस, जेमतेम पुरेल एवढा. जरीच्या कापडाला सुलट-उलट असते, दुसरी बाही फिरवून आखावी लागते. हे मला ठाऊक होतं, तुम्हाला नव्हतं का? पण तुम्ही शेजारच्या पानवाल्याशी निवडणुकीवरून भांडत भांडत कात्री चालवलीत. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या! काकू घ्यायला आल्या तेव्हा तुम्ही एकदा कापडाकडे पाहिलंत, एकदा माझ्याकडे, आणि म्हणालात, "पोरीनं लुडबुड केली हो. शंभरदा सांगितलं होतं, कात्रीला हात लावू नकोस."

मी तोंड उघडलं तर आईनं माझं मनगट दाबलं. संध्याकाळपर्यंत वाडीत माझं नाव 'डावी बाही' पडलं होतं. मला बघायला येणाऱ्यांच्या कानावरही ते गेलं. तुमचं नाव राहिलं, अण्णा. माझं गेलं.

परळच्या मॉलमध्ये पँटींची उंची कमी करायची नोकरी धरली ती म्हणूनच. तिथल्या मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात माझ्यापुढे कात्री सरकवली. "काटो बेटी, बिगडेगा तो बिगडेगा." परका माणूस! मी बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं, बाहेर येऊन कापलं. पुढे तिथली मुख्य कटर झाले. तुम्ही एकदा तरी बघायला आलात?

तुमचा उजवा हात लुळा पडला, दुकानाला कुलूप लागायची वेळ आली, तेव्हा ती नोकरी सोडून मी परत आले. लोक म्हणाले, बापाची माया. माया कसली? मला ते टेबल हवं होतं. तुम्ही खुर्चीत बसून असायचात आणि मी तुमच्या डोळ्यांदेखत कापायचे. खरं सांगू? मजा यायची.

एका दुपारी विचारलं, "अण्णा, ती सबनिसांची बाही आठवते?"

"कुठली बाही?" म्हणालात, आणि चहा मागितलात.

विसरलात! माझी उमेदीची वर्षं जिच्यापायी गेली ती बाही तुम्ही विसरलात! खोटं बोलला असतात तरी चाललं असतं. त्यात मला तुमची आठवण येते, याचाच जास्त संताप होतो.

तर आता ऐका. त्या वेळच्या नवरीची मुलगी आता नवरी आहे. सोमवारी सबनीसकाकू नातीला घेऊन मापाला येणार आहेत. आई म्हणते, "गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये गं." मी बोलणार. टेप हातात घेण्याआधी, भर दुकानात, त्या बाह्या कुणी कापल्या होत्या ते काकूंना सांगणार.

आणि गल्ल्यामागचा तुमचा फोटो मी काढणार नाही, वचन देते. रोज हार घालीन, उदबत्ती लावीन. सोमवारी तुम्ही समोर हवे आहात. सगळं ऐकायचं, आणि मधे एक शब्द बोलता येणार नाही.

शैला,
कटिंग मास्तर