दहा नंबरच्या बुटांचा मालक

तीर्थरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनीची शुगर? तुझ्या अंगठ्याची चौकशी करत नाही. पहाटेपासून फॅमिली ग्रुपवर मेसेज येतात त्या अर्थी तो ठणठणीत आहे. आम्ही बरे. (लिफ्ट बंद आहे म्हणून हे कुरकुरतात, पण चालू असतानाही कुरकुरायचेच.) फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

तू राहायला आलास तेव्हा समोरच्या दाराबाहेरच्या चपलाबुटांच्या ढिगाचा फोटो काढलास आणि खाली लिहिलंस, की परदेशातून आलेली ही अख्खी पलटण एका खोलीत राहते आणि सरकारी मदतीवर मजा मारते. आत राहतात दोघं, मुलगा आणि त्याची म्हातारी आई. तो बुटांच्या दुकानात दुरुस्तीला आहे, जादा काम घरी आणतो, आणि हे त्यानं मदतीच्या अर्जातच लिहून दिलेलं आहे. मी तुला हेच सांगत होते, पण तू म्हणालास, तुला काही कळत नाही. मग मी चहा टाकायला गेले.

तुझा मेसेज वहिनीच्या माहेरी गेला, कुठे कुठे हिंडला आणि आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर परतला तेव्हा चांगलं बाळसं धरून आला होता. पलटणीची वस्ती झाली होती आणि माणशी एक सरकारी गाडीही मिळाली होती. वरच्या रिटायर्ड मास्तरांनी तो वाचून सरळ तक्रार ठोकली. झालं, चौकशी होईपर्यंत मदत बंद. मदत म्हणजे काय, तर म्हातारीच्या पायाची जखम बांधायला येणारी नर्स. आता पट्टी मी बदलते. (मला रक्त बघवत नाही, तुला ठाऊक आहे. मी खिडकीकडे बघून बांधते, त्यामुळे एकदा उशीच बांधली.) जखम चिघळत चालली आहे. मला फार वाईट वाटतं दादा, आणि तुझा रागही येतो.

परवा चौकशीच्या बाई आल्या. त्यांनी घर पाहिलं, माणसं दोनच भरली. मग तुझाच फोटो मोठा करून आणलेला दाखवला आणि विचारलं, हे पाय कुणाचे? अख्ख्या बिल्डिंगला जिन्यात बोलावून ज्यानं त्यानं आपापलं पायताण ओळखायचं ठरलं. कुणी पुढे येईना, कारण मेसेज पुढे धाडणाऱ्यांनीच दुरुस्तीला टाकलेल्या चपला त्यात जास्त. मास्तरांची सँडल तर पहिल्या रांगेत. ते आधी म्हणाले, अशा सँडल कुणाच्याही असतात. मग मास्तरीणबाईंनी नुसतं बघितलं आणि ते कबूल झाले.

शेवटी एकच जोड उरला, दहा नंबरचे तपकिरी बूट. दादा, ते तुझे. सोल उघडून जबडा पसरला होता, म्हणून तू झोपल्यावर मी ते गुपचूप तिथे दिले होते. सांगितलं असतं तर तू त्या लोकांकडे दिले नसतेस. सकाळी तू माझ्या स्लिपर घालून त्यांचाच फोटो काढलास, आणि जाताना त्यानं शिवून दिलेले तेच बूट घालून गेलास. मी बाईंना सगळं सांगितलं, पण मालकानं समक्ष येऊन सांगायला हवं, असा त्यांचा नियम. तोवर कागदावर त्या घरात तिसरा एक इसम लपून राहतो आहे. तो तू.

वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी

ता. क. : बुधवारी बाई पुन्हा येणार आहेत. बूट घालून ये. गुडघ्याचं कारण सांगू नकोस. गेल्याच आठवड्यात तू डोंगरावरचे फोटो टाकलेस.

ता. क. २ : म्हातारी रोज विचारते, नर्स कधी येणार. मी म्हणते, माझा भाऊ आला की. ती तुला फार भला माणूस समजते. फोटो कुणी काढला ते मी तिला सांगितलेलं नाही. ते तू सांग.